आचारी, आचार्य आणि न चालणारा प्रिंटर

मा. संपादक,
स. न.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात लिनक्सवर (विंडोजसारखीच, संगणक चालवणारी एक प्रणाली) एक पत्र आलं होतं. पत्रलेखकांनी संगणकावर लिनक्स घातलं, प्रिंटर चालला नाही, त्यांनी ते काढून टाकलं. शेवटी सवाल केला होता: ‘फुकटच्या सॉफ्टवेअरला मायबाप नसतो. बिघडलं तर कोणाच्या दारात जायचं?’ सवाल खोटा नाही. २०१७ साली मीही तो जवळजवळ याच शब्दांत विचारला होता, म्हणून हे उत्तर. पत्र लांबलं आहे. काटछाट करायची झाल्यास मधल्या भागातून करावी, शेवटच्या परिच्छेदाला कृपया हात लावू नये.

मी निवृत्त मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. प्रोग्रॅमिंगचं एक अक्षर येत नाही आणि या वयात शिकायची हौसही नाही. लिनक्सकडे वळलो तो तत्त्वासाठी वगैरे नाही, रागाने. माझ्याकडे नव्वदच्या दशकात तपासलेल्या मजकुराच्या काही फायली जपून ठेवलेल्या होत्या. तेव्हाचे मराठी फॉण्ट ज्याने त्याने आपापल्या मर्जीने बनवलेले. ‘क’ कुठल्या आकड्यावर बसवायचा, ‘क्ष’ कुठल्या, हे ज्याचं त्याचं गुपित. तो प्रोग्रॅम ज्या यंत्रावर चालायचा ते यंत्र गेलं, नव्या यंत्रावर प्रोग्रॅम चालेना, बनवणाऱ्यांनी केव्हाच दुकान बंद केलेलं. फाइल उघडली की पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा पाचोळा. मजकूर माझा, डोळे माझे फुटले त्यावर, आणि कुलपाची किल्ली भलत्याच माणसाबरोबर गेलेली. त्या दिवशी ठरवलं की यापुढे जे वापरायचं त्याचं आतलं सगळं कोणालातरी उघडून बघता आलं पाहिजे. मला नाही आलं तरी चालेल.

पत्रलेखकांनी ‘फुकट’ हा शब्द पाच वेळा वापरला आहे (मोजायची सवय जात नाही). माझ्या मते घोटाळा तिथेच आहे. आणि योगायोग असा की या सगळ्या चळवळीची सुरुवातच एका न चालणाऱ्या प्रिंटरपासून सांगितली जाते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करायचे. तिथल्या आधीच्या प्रिंटरचा प्रोग्रॅम त्यांना उघडता येत असे. कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना पडद्यावर निरोप जाईल अशी सोय त्यांनी स्वतःच त्यात करून घेतली होती. मग नवा लेझर प्रिंटर आला. तोही अडकायचा, पण त्याचा मूळ प्रोग्रॅम कोणी देईना. ज्याच्याकडे होता तो म्हणाला, न देण्याचा करार केलाय. छापखान्यात वावरलेल्या माणसाला यातली तडफड समजावून सांगावी लागत नाही. यंत्र समोर, बिघाड समोर, आणि झाकण उघडायची बंदी. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला: संगणकाची पूर्ण प्रणाली, जिचं झाकण कोणालाही उघडता येईल. प्रोग्रॅम हवा तसा चालवा, उघडून अभ्यासा, दुसऱ्याला द्या, सुधारून सुधारलेलाही द्या, या चार मोकळिकींना ते ‘मुक्त’ म्हणतात. त्यात पैशाचा उल्लेख कुठेही नाही. विकायलाही मनाई नाही.

लिनक्सचा गाभा, म्हणजे यंत्राशी थेट बोलणारा भाग, तो कर्नल. त्याची वार्ता लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी दिली. तीही, हा आपला छंद आहे, फार मोठं काही होणार नाही, अशा सुरात. त्या गाभ्याभोवती हजारो प्रोग्रॅम नीट जुळवून, तपासून, एका गठ्ठ्यात देणारे जे असतात त्यांना डिस्ट्रो म्हणतात. मी वापरतो ती डेबियन. ती १९९३ सालापासून आहे आणि स्वयंसेवकांनी चालवलेली आहे. मागे कंपनी नाही.

आता मायबापाचा प्रश्न. डेबियनने १९९७ साली मुक्त सॉफ्टवेअरवाल्या सगळ्यांशी एक करारनामा केला. त्यात एक कलम आहे: अडचणी लपवणार नाही. चुकांची सगळी नोंदवही कायम सर्वांना उघडी. म्हणजे ज्या दारात जायचं ते दार आहे. फक्त तिथे जाऊन ‘प्रिंटर चालत नाही’ एवढंच ओरडून चालत नाही, आणि हे मला अपमान गिळून शिकावं लागलं.

पण आधी माझ्या पराक्रमाबद्दल. पहिल्यांदा डेबियन घातली तेव्हा वायफाय दिसेना. वायफायच्या चिपला लागणारं बंद फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा, कोणाला उघडून बघता न येणारा प्रोग्रॅम) तेव्हा डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसायचं. तत्त्वाला धरून होतं, पण माझ्यासारख्याची पंचाईत. (२०२२ साली सभासदांनी मतदान करून ते घालायचं ठरवलं आणि २०२३ च्या आवृत्तीपासून ती कटकट गेली.) फोन केबलने जोडून त्याचं इंटरनेट वापरलं आणि पुढे सरकलो. त्या आनंदात डिस्क वाटून देण्याच्या पायरीवर ‘संपूर्ण डिस्क वापरा’ निवडलं. मग पडद्यावर प्रश्न आला: हे बदल डिस्कवर लिहू का? तिथे आधीपासून ‘नाही’ हेच निवडलेलं असतं. बाणाचं बटण दाबून मी मुद्दाम ‘हो’वर गेलो. जुनी प्रणाली गेली, तिच्यासोबत चार वर्षांचे फोटो गेले. जन्मभर लोकांना ‘वाचून मग सही करा’ सांगणारा मी! त्यामुळे ज्यांना करून बघायचंय त्यांना एकच सांगणं. आधी पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवून पाहा. संगणकाच्या डिस्कला हात न लावता सगळं दिसतं. प्रिंटर, वायफाय, आवाज, झाकण मिटल्यावर झोपतो का, झोपल्यावर उठतो का, हे तिथेच कळतं. आणि फोटो दुसरीकडे काढून ठेवा.

पुढची काही वर्षं मी नुसता वापरणारा होतो. मजकूर लिबरऑफिसमध्ये, बाकी वाचन फायरफॉक्समध्ये. २०२१ च्या ऑक्टोबरात एका छोट्या प्रोग्रॅमच्या मेनूत ही ओळ दिसली: ‘दुसर्या फोल्डरमध्ये हलवा’.

मराठी वाचकाला सांगायला नको, तरी सांगतो, कारण आता हा फरक छापील मजकुरातूनही पुसट होत चाललाय. ‘दुसऱ्या’मध्ये ‘य’च्या आधी पापणीसारखा आडवा र लागतो, डोक्यावरचा रफार नाही. आचार्यांना आणि आचाऱ्यांना, दर्या आणि दऱ्या, शाळेत शिकलेल्याच जोड्या. एकीत रफार, दुसरीत आडवा र, आणि अदलाबदल केली तर आचाऱ्यांना भाषण द्यावं लागेल आणि आचार्यांना चूल पेटवावी लागेल. संगणकात साधा ‘र’, हलन्त आणि ‘य’ एकापुढे एक दिले की रफारच उमटतो. आडवा र हवा असेल तर खाली नुक्ता असलेला ‘ऱ’ घ्यावा लागतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट धरून ‘र’च्याच कळीवर बसवलाय. दुसराही एक मार्ग आहे, साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकायचं. पण न दिसणारी चिन्हं मजकूर इकडून तिकडे नेताना गळून पडतात, आणि गळाल्याचंही दिसत नाही. माझा अंदाज, त्या मेनूतही तेच झालं असावं.

माझं रक्त तापलं. डेबियनच्या नोंदवहीला एक मेल ठोकून दिला. सारांश असा: तुमच्या प्रोग्रॅममधलं मराठी चुकीचं आहे, ताबडतोब दुरुस्त करावं. यंत्राने तो परतवला: पॅकेजचं, म्हणजे बांधून दिलेल्या त्या प्रोग्रॅमचं, नाव नव्हतं. अंदाजाने एक नाव घालून पुन्हा पाठवला, तेव्हा तक्रारीला क्रमांक मिळाला. दोन दिवसांनी माणसाचं उत्तर आलं, इंग्रजीत, अत्यंत सभ्य. कोणतं पॅकेज, कोणती आवृत्ती? कोणता मेनू? पडद्यावर काय दिसतं, तिथे काय दिसायला हवं? आणि मराठी येत नसलेल्या माणसाला दोन्हींतला फरक कसा ओळखता येईल?

या शेवटच्या प्रश्नाने मी खजील झालो. कारण लेखकाला परत पाठवलेल्या प्रुफावर मी कधी ‘यात चुका आहेत’ असं लिहिलेलं नाही. पान ४७, ओळ ३, हा शब्द असा आहे, असा हवा. खूण समासात, रेघ शब्दाखाली. तीस वर्षं जे रोज केलं तेच इथे करायचं होतं, आणि मी मात्र गिऱ्हाइकासारखा टेबलावर हात आपटून मोकळा झालो होतो. पुन्हा लिहिलं. पहिल्या ओळीत पॅकेजचं नाव, दुसऱ्या ओळीत आवृत्ती. मग मेनूचा क्रम, पडद्याचं छायाचित्र, आणि दोन्ही शब्द मोठ्या टायपात एकाखाली एक. (डेबियनची नोंदवही उघडी असते म्हणजे तुमचा मेलचा पत्ताही सगळ्यांना दिसतो. त्यासाठी वेगळा पत्ता घेतलेला बरा.)

मग कळलं की डेबियनवाले हा प्रोग्रॅम लिहीत नाहीत, फक्त बांधून देतात. लिहिणारे वेगळे, त्यांना हे लोक ‘अपस्ट्रीम’ म्हणतात, उगमाकडचे. दुरुस्ती उगमाशी केली की खालच्या सगळ्या डिस्ट्रोंमध्ये आपोआप वाहत येते. तक्रार तिकडे पाठवली गेली. तिकडच्यांनी आणखी गंमत केली. म्हणाले, तुम्हाला भाषा येते, आम्हाला येत नाही. फाइल ही अशी, तुम्हीच दुरुस्त करून पाठवा ना.

भाषांतराची फाइल म्हणजे दोन-दोन ओळींच्या जोड्या. वर मूळ इंग्रजी, खाली मराठी. प्रोग्रॅम लिहिता येण्याची काही गरज नाही. मी चष्मा पुसून बसलो आणि एक शब्द सुधारायला गेलेला माणूस चाळीस ओळी सुधारून उठला. ‘फाइल’ आणि ‘फाईल’ एकाच पानावर. ‘ओपन’ला कुठे ‘उघडा’, कुठे ‘उघडे’: बिचाऱ्या भाषांतरकाराला समोर नुसता एक सुटा इंग्रजी शब्द, ती आज्ञा आहे की स्थिती हे त्याने कसं ओळखायचं? एकवचन-अनेकवचनाची सोय मात्र छान. १ फाइल आणि २ फायली यांच्यासाठी वेगळ्या ओळी देता येतात. बऱ्याच ठिकाणी टक्क्याची खूण आणि तिच्या पुढे एक रोमन अक्षर, असं काहीतरी अर्धवट पडलेलं होतं. कंपोझिंग करताना सांडलेलं दिसतंय, असं म्हणून मी ते सगळीकडून निगुतीने काढून टाकलं.

फाइल परत आली. ती खूण म्हणजे रिकामी जागा होती! प्रोग्रॅम चालताना तिथे फाइलचं नाव किंवा आकडा येऊन बसतो. मी सगळ्या जागा बुजवल्या होत्या, आणि फाइल तपासणाऱ्या यंत्राने ती दारातच अडवली. कोणी हसलं नाही, निदान लेखी तरी नाही. उलट एक उपयोगी गोष्ट सांगितली: मराठीत शब्दांचा क्रम उलटा होतो, तेव्हा त्या खुणांना क्रमांक देऊन त्यांची अदलाबदल करता येते. ‘अमुकपैकी तमुक’ आणि ‘तमुक ऑफ अमुक’ यांतलं भांडण ज्याने हे सोडवलं त्याला भाषा कळत होती.

दुरुस्ती आठवड्याभरात स्वीकारली गेली. आणि माझ्या संगणकावर? नाही आली. डेबियनची ‘स्टेबल’ आवृत्ती एकदा निघाली की तिच्यात सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या तेवढ्या जातात. एका रफारासाठी कोणी ती हलवत नाही. २०२१ ची आवृत्ती १४ ऑगस्टला निघाली होती, माझी तक्रार ऑक्टोबरातली. पुढची आली १० जून २०२३ रोजी, ६४ हजारांहून जास्त पॅकेजं घेऊन. त्यांतल्या एकात माझा आडवा र. वीस महिने मी रोज तो मेनू उघडत होतो आणि चुकीचा शब्द वाचत होतो, आणि दुसरी कुठलीतरी घाईची डिस्ट्रो वापरणारे लोक माझी दुरुस्ती केव्हाचे वापरत होते. चडफडलो खरा. पण जो गठ्ठा दोन वर्षं जागचा हलत नाही त्याच्यावर माझा रोजचा मजकूर सुखाने राहतो, हेही तितकंच खरं.

पत्रलेखकांच्या शंकेची दुसरी बाजू मी लपवणार नाही. २०२४ च्या मार्चमध्ये फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या प्रोग्रॅममध्ये चोरदरवाजा सापडला. हा प्रोग्रॅम जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतो, आणि तो मुख्यतः एक माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. टोपणनावाने आलेल्या कोणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ चांगलं काम करून त्याचा विश्वास मिळवला. त्याच सुमारास ‘काम किती हळू चाललंय, दुसऱ्याच्या हाती द्या’ असा तगादा लावणारे मेलही येत होते. शेवटी त्या पाहुण्याच्या हाती किल्ल्या गेल्या. पकडलं ते आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. डेबियनच्या ‘अनस्टेबल’, म्हणजे अजून घडत असलेल्या, आवृत्तीवर वेग मोजत असताना दूरच्या यंत्रात शिरायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्यावरून तो माग काढत गेला आणि २९ मार्चला त्याने सगळं जाहीर केलं. स्टेबल आवृत्तीपर्यंत ते पोचलं नव्हतं.

यावरून माझीच बाजू सिद्ध होते असं मी म्हणणार नाही. अर्धा सेकंद खटकणारा माणूस त्या दिवशी तिथे होता, हे आपलं नशीब. उघडं असलं म्हणजे कोणीतरी वाचतंच असं नाही. न वाचलेल्या प्रुफात किती चुका राहतात ते मला कोणी सांगू नये. पण वाचायला घेतलं तेव्हा झाकण उघडता आलं. आणि मला त्या प्रकरणात सर्वांत जास्त बोचले ते तगाद्याचे मेल. त्यांतले काही त्या कटाचाच भाग असावेत असं आता मानलं जातं, पण ते खरे वाटले, कारण खरे लोकही तसेच लिहितात. माझा पहिला मेल काय वेगळा होता?

तेव्हा पत्रलेखकांना विनंती. आपण प्रिंटरबद्दल लिहिलंत, पण प्रिंटर कोणता ते लिहिलं नाहीत. कृपया कळवा: कंपनी आणि मॉडेलचा पूर्ण क्रमांक (पाठीमागच्या चिठ्ठीवर असतो). केबलने जोडलेला की वायफायवर. कोणती डिस्ट्रो, कोणती आवृत्ती. प्रिंटर यादीत दिसतच नव्हता, की दिसत होता आणि कागद बाहेर येत नव्हता, की कोरा येत होता? छपाईचं काम बघणारी ‘कप्स’ नावाची यंत्रणा आपल्या चुकांची नोंद ठेवते. लिनक्स पुन्हा लाइव्ह चालवून पाहिलंत तर ती तिथेही मिळेल. आणि पडद्यावर जी ओळ उमटली असेल ती आपल्या शब्दांत सांगू नका, जशीच्या तशी उतरवा, शुद्धलेखन न सुधारता. संपादकांनी माझा मेलचा पत्ता त्यांना द्यावा, माझी हरकत नाही. तक्रार इंग्रजीत मांडायला मी मदत करीन.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक